भांगाची बाजू

११ जानेवारी

ताई,

तुझ्यावरचा एक जुना आरोप खोटा ठरण्याची शक्यता निर्माण झाली आहे. शक्यता म्हणतोय. सिद्ध झालंय असं मी अजून म्हणणार नाही. तू मला ओळखतेस, तेव्हा एवढ्यावरूनही तुला कळेल की मी आतून किती उड्या मारतोय.

फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी तरी उचलला असता का? म्हणून हे पत्र. उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

सुरुवात माझ्या टाळूपासून करावी लागेल. गेल्या वर्षभरात माझे केस टाळूवरून, जरा डावीकडे, जायला लागले. चाळिशी उलटलेल्या पुरुषाचे केस गेले तर त्याची बातमी होत नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "वय झालं, साहेब. वडिलांनाही टक्कल असणार." बाबांचे केस शेवटपर्यंत दाट होते असं मी म्हटलं. तर म्हणाले, "मग आजोबांना." आजोबांच्या बाजूने बोलायला आता कोणी उरलेलं नाही, म्हणून मी वाद सोडला. पण मला पटेना. नुसतं टक्कल पडताना डोकं खाजत नाही, भाजल्यासारखं चुरचुरत नाही. माझं दोन्ही होत होतं.

मी फारच पिच्छा पुरवला तेव्हा त्यांच्याच दवाखान्यातल्या सर्जनने कातडीचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचं ठरवलं. "कुठून काढू?" असं त्याने सहज विचारलं, आणि मी त्याला जागा दाखवली. चूक इथे झाली.

मी हल्ली काय करतो हे तुला कोणी सांगितलंय का, माहीत नाही. संग्रहालयाच्या तळघरात माझी खोली आहे. एक लांब सपाट टेबल, भिंगाचा दिवा, आणि टेबलावर शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचं एखादं वस्त्र. ते आणखी विरू नये एवढंच माझं काम. धागा कशाचा, रंग कशाचा हे तपासायला नमुना घ्यावा लागतो. तो कायम फाटलेल्या भागातून घ्यायचा, धड भागाला चिमटा लावायचा नाही. हा नियम माझ्या हाडामासात मुरलाय. सर्जनने विचारल्यावर मी आरशात बघून टाळूचा मधला गुळगुळीत भाग दाखवला. म्हटलं, इथे काही उरलेलंच नाही, इथून घ्या. त्यानेही घेतला. अहवाल आला: जुना व्रण, मूळ कारण सांगता येत नाही.

तो कागद घेऊन मी त्वचारोगाच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तो वाचला, माझं डोकं बघितलं, पुन्हा वाचला.

"इथून तुकडा घ्यायचं कोणी ठरवलं?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी जुनी कापडं सांभाळतो."

"मग कापडं सांभाळा. डोकं मी बघते."

त्यांनी दिव्याचं एक छोटं भिंग माझ्या डोक्यावर टेकवलं. माझ्याकडे आहे तसंच, फक्त बोटभर लांबीचं. मधल्या भागात त्या थांबल्याच नाहीत. कडेकडेने फिरत राहिल्या. तिथल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी लाली आहे आणि पांढरट खपलीची बारीक नळी आहे, असं म्हणाल्या. "मध्ये जे व्हायचं ते होऊन गेलंय. तिथे रोग नाही सापडणार, रोगाने केलेलं नुकसान सापडेल. रोग हवा असेल तर कडेला बघायचं, जिथे अजून केस आहेत तिथे. म्हणजे थोडे चांगले केस जातील. चालेल?"

मी विचार करू लागलो. त्या म्हणाल्या, "अहो, मूठभरसुद्धा नाहीत."

मी हो म्हटलं. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. ताप, थायरॉइड, औषधं, आणि घरात आणखी कोणाला असं आहे का.

"आईला आहे. पण ते वेगळं."

"वेगळं म्हणजे?"

"माझी बहीण घर सोडून गेली, त्या धक्क्याने झालं ते."

ताई, मी हे वाक्य असं म्हणालो जसं कोणी रक्तगट सांगतं. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

"परत आले केस?"

"नाही. वीसेक वर्षं झाली."

"एकाच जागचे गेले?"

"हो. डोक्याच्या डाव्या बाजूचे. ती रुमाल काढत नाही, मलाही नीट दिसलेलं नाही."

"दुःखाने केस गळतात," त्या म्हणाल्या. "दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात, सगळ्या डोक्याचे, कंगव्यात मूठमूठ येतात. मुळं शाबूत असतात, म्हणून पुढे परत येतात. एकाच जागचे जाऊन वीस वर्षं न आलेले केस दुःखाने गेले, असं मी तरी पाहिलेलं नाही."

मला हसू फुटलं. त्यांना वाटलं मी घाबरलो, म्हणून त्यांनी पाणी मागवलं.

बाबा गेले तेव्हा तू इतक्या लांबून आलीस, आणि आत्या दारातच तुला म्हणाली, "आधी आईच्या डोक्याकडे बघ, मग आत ये." तू बॅग खालीसुद्धा ठेवली नव्हतीस. आई आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं. मीही ऐकलं. तू आईकडे बघितलंस आणि संध्याकाळच्या आत परत गेलीस. आत्याला काय म्हणायला हवं होतं हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आता कदाचित कळेल.

तुझा,
शंकोबा

(हे नाव तूच ठेवलंस. तुझ्यानंतर कोणी वापरलं नाही.)

२ फेब्रुवारी

ताई,

नाव मिळालं. लायकेन प्लॅनोपिलॅरिस. मी ते येता-जाता म्हणून पाठ केलं.

शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटतं. का, ते नक्की कोणाला ठाऊक नाही. मुळाभोवती सूज येते, मूळ मरतं, आणि केसाचं भोक कायमचं बुजतं. गेलेले येत नाहीत. पण चालू असताना सापडलं तर बाकीचे वाचवता येतात. कडेला बारीक सुयांनी इंजेक्शनं, लावायला मलम, आणि गोळ्या. त्या गोळ्यांसाठी आधी डोळे तपासून घ्यावे लागले. मी सगळं केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, इतका आनंदी रोगी त्यांनी बघितला नव्हता.

हा आनंद मी तपासून बघितला, तुला माहीत आहे मी असं करतो. माझे केस वाचतील म्हणून थोडा आहे, खोटं कशाला बोलू. पण बराचसा यासाठी, की हा आजार क्वचित एकाच घरातल्या दोघांना होतो. क्वचित. मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा तोच शब्द वापरला, त्याहून मोठा नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. आत्याही होती, ती रोज दुपारी येतेच. आई माझ्या शर्टाची बटणं घट्ट करत होती.

"हल्ली कशालाही नाव निघतं," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी नुसते केस जायचे."

"आई, तू एकदा दाखवशील का त्यांना?"

"मी?" आईने दोरा दाताने तोडला. "माझं झालं-गेलं. आता या वयात दवाखान्यात जाऊन प्रदर्शन मांडू?"

"तिला कशाला त्रास," आत्या म्हणाली. "तिचं कशाने झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे."

आईने पुढचं बटण घेतलं. मी तुझं नाव काढलं नाही. काढलं असतं तर मी तुझी बाजू मांडतोय असं झालं असतं, आणि मला वाटत होतं की आईने स्वतःच्या डोक्यासाठी यावं. हा शहाणपणा होता की भित्रेपणा, मी अजून ठरवतोय.

शंकोबा

२७ फेब्रुवारी

ताई,

आई आली. कशी आली ते सांगायलाच हवं.

मलम नेमकं कडेवर लावायचं असतं, आणि स्वतःच्या टाळूची कड कोणालाच दिसत नाही. दोन आरसे घेऊन प्रयत्न केला, तर मलम कानाला लागलं. शेवटी मी आईच्या पुढ्यात खाली बसलो आणि डोकं वाकवलं. ती कुरकुरत लावू लागली. रोज सकाळी, मी कामाला जायच्या आधी, खिडकीपाशी. "स्थिर बस. लहानपणीही असाच वळवळायचास."

एका सकाळी तिचं बोट थांबलं.

"मध्ये नाही ना खाजत तुला? इथे कडेलाच?"

"हो."

"आणि उन्हातून आलास की चुरचुरतं."

हे मी तिला सांगितलेलं नव्हतं. डॉक्टरबाईंशिवाय कोणालाच नव्हतं. मी मान वर करणार होतो, पण तिने हाताने डोकं खाली दाबलं. उरलेलं मलम लावून झाल्यावर म्हणाली, "कधी जायचंय त्या बाईंकडे?"

तिथे तिने रुमाल स्वतः सोडला. मी बाहेर जायला निघालो तर म्हणाली, "थांब. तुझं मी रोज बघते." ताई, हाताच्या तळव्याहून मोठी जागा आहे. गुळगुळीत, चकचकीत, आणि मध्येच दोन-तीन एकटे केस. डॉक्टरबाईंनी भिंगातून सगळं बघितलं. केसांची भोकं बुजलेली आहेत, लाली नाही, रोग स्वतःच कधीच विझून गेलाय. तुकडा काढायची गरज नाही म्हणाल्या. "मुलाचं आहे तेच हे. नुसत्या काळजीने असं होत नाही."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात त्यांनी आईला विचारलं, "सुरू कधी झालं?"

आईने रुमाल पुन्हा बांधायला घेतला. "मोठी गेली तेव्हा."

संध्याकाळी आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "असेल रोग. पण तो उगवला कशाने? पोरीने घर सोडलं म्हणूनच ना? कुठल्याशा धक्क्यानेच पेटतं हे सगळं." मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की पहिली ठिणगी कशाने पडते हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. "आणि डोकं तारीख सांगत नाही, हो." म्हणजे आत्याचं म्हणणं मला खोडता येईना. तुझा भाऊ असूनही येईना.

तारीख दुसरीकडून मिळेल असं मला वाटतं, आणि ती तुझ्याकडे आहे.

मी घरातले सगळे फोटो काढून बसलो. माझ्या शाळेतल्या फोटोंमध्ये आईचा भांग डावीकडे आहे. सगळ्यांत, एकूण एक. तू गेल्यानंतर रुमाल बांधण्याआधीच्या दोन फोटोंमध्ये तो उजवीकडे आहे. डावीकडे ती जागा उघडी पडली असती, म्हणून केस उजवीकडून वळवून तिच्यावर घेतलेत. आता प्रश्न एवढाच, की भांगाने बाजू बदलली कधी. अल्बमच्या एका पानावर चार कागदी कोपरे आहेत आणि मध्ये फोटो नाही. विद्यापीठात तुला ढाल मिळाली तो समारंभ. तू घर सोडलंस त्याच्या आदल्या वर्षी. तो फोटो तू घेऊन गेलीस, आणि मला वाटतं, घरातून तू तेवढंच नेलंस.

तो अजून असेल तर बघ. आईचा भांग कोणत्या बाजूला आहे? आईची डावी-उजवी, बघणाऱ्याची नव्हे. कधीकधी फोटो उलटा छापला जातो, म्हणून बाबांचं घड्याळ कोणत्या हातात आहे तेही बघ. ते नेहमी डाव्या हातात घालायचे. माझ्यावर हसू नकोस.

एक विनंती. मला काय हवंय हे तुला कळलंच असेल. ते देऊ नकोस. दिसेल ते दे. भांग डावीकडे असेल तर तसंच लिही. मी तरीही तुझा भाऊच राहीन, पण आत्याला मग माझ्याकडे उत्तर नसेल.

शंकोबा

१९ मार्च

ताई,

पाकीट आलं. वरचं अक्षर बघूनच मी जिन्यात बसलो. आत पत्र नव्हतं, फोटोच होता, आणि मागे तुझी पेन्सिल:

"भांग उजवीकडे. आईच्या उजवीकडे. घड्याळ डाव्या हातात. ढालीवरची अक्षरंही सुलटी. विश्वास बसत नसेल तर भिंग लाव."

मी लावलं. ताई, तू हसशील हे माहीत असूनही लावलं. तळघरात नेऊन मोठ्या दिव्याखाली धरलं. तू ढाल छातीशी धरून उभी, बाबा असे ताठ की जणू ढाल त्यांनाच मिळाली आहे, आणि आई तुझ्या खांद्याला खेटून. केस उजवीकडून डावीकडे, नीट चापून बसवलेले. तू घरातच होतीस तेव्हा. हसत होतीस. अजून कोणाच्या डोक्यात काळजी शिरायला कारणच नव्हतं.

दुपारी आत्या यायची वाट बघितली आणि फोटो दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला. बाजूला माझ्या शाळेतला एक. आत्याने चष्मा बदलला.

"यात काय बघायचं?"

"आईचा भांग."

तिने एक उचलला, दुसरा उचलला. "समारंभाची घाई. त्या दिवशी कसाही पाडला असेल."

"वन्सं," आई म्हणाली, "लहानपणापासून डावीकडे पाडलेला भांग घाईत उजवीकडे जात नाही."

आईने फोटो स्वतःकडे ओढला आणि त्याच्याकडे बघतच बोलली.

"या समारंभाच्या आधीच सुरू झालं होतं. बोटाएवढी जागा होती. खाजायची. मला वाटलं दुसऱ्याला लागणारं काहीतरी आहे. कोणाला कळलं तर माझ्या हातचं कोणी खाणार नाही, घरात माझा टॉवेल वेगळा होईल. तुमच्या भावालाही सांगितलं नाही मी. केस वळवून घेत राहिले. वर्षभरात ती जागा वाढली, झाकेना. आणि मोठी गेली. तुम्हीच पहिल्यांदा म्हणालात, पोरीच्या काळजीने वहिनीचे केस गेले. मला बरं वाटलं. ज्याची लाज वाटणार नाही असं कारण मिळालं."

"अगं, पण मी तिला दारात..."

"तुम्ही बोललात. मी आतून ऐकलं आणि रुमाल ओढून घेतला. तुमच्यापेक्षा माझी चूक जास्त आहे."

आत्याला राग आला, कारण तिला काहीतरी यायलाच हवं होतं. "मला तरी सांगायचंस, वहिनी. मी काय तुझ्या हातचं टाकून दिलं असतं?"

"दिलं असतं."

आत्याने विचार केला. ती आहे तशी आहे, पण खोटं बोलणारी नाही. "दिलं असतं," ती म्हणाली.

आणि दोघी हसायला लागल्या. आधी आई, मग आत्या, डोळ्यांना पदर लावून, मग पुन्हा आई. मला मध्ये घेतलं नाही. मी उभा राहून बघत होतो आणि पहिल्यांदाच, ताई, मला कसलीही शंका आली नाही.

आत्याने निरोप दिलाय, जसाच्या तसा लिहितो: "तिला लिही, आत्या चुकली. वर सारवासारव करू नकोस." दुसऱ्या दिवशी ती शेजारी जाऊन हे सगळं सांगून आली. रोगाचं नाव तिने तीन प्रकारे घेतलं, तिन्ही चूक. पण तुझ्याबद्दलचं वाक्य प्रत्येक वेळी बरोबर होतं: "पोरीचा काही संबंध नव्हता. आधीपासून होतं." आता ती हे प्रत्येकाला सांगत सुटली आहे. जितक्या दारांत आधीचं सांगितलं असेल तितक्या दारांत जाईल असं वाटतं. मी तिला थांबवणार नाही.

काल तपासणी होती. डॉक्टरबाईंनी गेल्या वेळच्या फोटोशी ताडून बघितलं. कड जिथे होती तिथेच आहे. लाली उतरली आहे. "थांबलंय," त्या म्हणाल्या. मी विचारलं, नक्की? म्हणाल्या, "आजच्यापुरतं नक्की." मला हा शब्दप्रयोग फार आवडला, मी तो वापरणार आहे.

सोबत एक नवा फोटो पाठवतोय. तो आत्याने खुर्चीवर चढून काढलाय, म्हणून थोडा तिरपा आहे. त्यात चेहरे नाहीत. आईचं आणि माझं डोकं आहे, वरून, शेजारी-शेजारी. आईने रुमाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला होता. तो अजून तिथेच आहे. परवा पोस्टमन आला तेव्हा ती तशीच दारात गेली आणि सही करून आली.

तुझा फोटो मात्र परत पाठवणार नाही. अल्बममधले चारही कोपरे अजून चिकटून होते, त्यात तो बसवला. मी कामावर असा बेकायदा ताबा घेतला असता तर नोकरी गेली असती. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

हे घराण्यात क्वचितच येतं असं डॉक्टरबाई अजूनही म्हणतात, पण डोकं खाजत असेल तर बहिणीने दाखवून घ्यावं असंही म्हणाल्या. मी त्यांचा पत्ता लिहून देणार होतो. आईने पेन काढून घेतलं.

"डॉक्टर नंतर," ती म्हणाली. "तिला म्हणावं, आधी इथे खिडकीपाशी बस. मी बघते."

शंकोबा